पुकाऱ्यापासून पडद्यापर्यंत : मुंबईतील कॅथॉलिक सोयरिकीची वाटचाल

चर्चच्या कचेरीत लग्नाची नोंद करण्यासाठी जोडपे आले की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, "तुमची ओळख कुठे झाली?" पंचवीस-तीस वर्षांपूर्वी या प्रश्नाची उत्तरे ठरलेली असत. मावशीने स्थळ सुचविले, गायकवृंदात भेट झाली, एकाच कचेरीत नोकरी होती, चुलत बहिणीच्या लग्नात पाहिले. आज उत्तर देण्यापूर्वी मुलगी मुलाकडे पाहते, मुलगा जमिनीकडे पाहतो, आणि मग हळूच शब्द येतात, "फादर, ऑनलाईन." जणू एखादा अपराधच कबूल करावा!

हा संकोच का, याचा विचार करताना आम्ही इतिहासाची पाने चाळली. जोडीदार दुरून शोधण्याची रीत आजची नाही, आणि त्यातला धोकाही आजचा नाही. आपल्या पूर्वजांनी या धोक्याला तोंड कसे दिले, हे समजले तर आपल्या मुलामुलींना भीती न घालता शहाणपण देता येईल. म्हणून हा प्रपंच.

आंदणात मिळालेले शहर

ज्या बेटावर आपण राहतो ते बेटच एका लग्नाच्या करारातून इंग्रजांच्या हाती गेले, हे शाळेत आपण सर्वांनी वाचले आहे. २३ जून १६६१ रोजी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाचा करार झाला आणि मुंबई आंदणात दिली गेली. पण त्या लग्नाची दुसरी बाजू आपण फारशी आठवत नाही. वधूवरांनी एकमेकांना पाहिलेले नव्हते. राजकन्येचे चित्र इंग्लंडला पाठविण्यात आले होते. वकिलांनी गुणवर्णन केले होते. दोन्ही बाजूंनी हिशेब मांडले गेले होते. मे १६६२ मध्ये कॅथरीन जहाजाने पोर्ट्समथला उतरली तेव्हा प्रथम भेट झाली आणि त्याच महिन्यात विवाह झाला. आधी खाजगीत कॅथॉलिक विधीने, मग जाहीररीत्या अँग्लिकन पद्धतीने.

चित्रात चेहरा दिसला होता, चारित्र्य दिसले नव्हते. राजाचे एका सरदारपत्नीशी असलेले संबंध साऱ्या दरबाराला ठाऊक होते. लग्नानंतर थोड्याच काळात राणीच्या खास परिचारिकांच्या यादीत त्याच बाईचे नाव आले. कॅथरीनने ते नाव खोडून टाकले, पण अखेर तिलाच नमते घ्यावे लागले. तिला मूल झाले नाही. एवढे मात्र राजाच्या बाजूने सांगितले पाहिजे की, तिला सोडून देण्यासाठी लोकांनी कितीही दडपण आणले तरी त्याने तिला सोडले नाही. ती स्वतः अखेरपर्यंत आपल्या कॅथॉलिक श्रद्धेला घट्ट धरून राहिली.

राजेरजवाड्यांची ही कथा आम्ही मुद्दाम सांगितली. चित्र पाहून जोडीदार पसंत करणे ही मोबाईलच्या पडद्याने आणलेली नवलाई नव्हे. चित्र तेव्हाही गोड असे आणि चित्राबाहेरचे सत्य तेव्हाही कोणीतरी झाकून ठेवी.

ट्रेंटची परिषद आणि गुप्त लग्ने

त्या काळच्या ख्रिस्तसभेपुढे एक मोठे दुखणे होते, ते गुप्त लग्नांचे. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्त्रीपुरुषांनी एकांतात एकमेकांना वचन दिले तरी तो विवाह ख्रिस्तसभा खरा मानीत असे, जरी तशा रीतीला तिने नेहमीच मनाई केली होती. याचा गैरफायदा घेणारे निघाले. एखादा पुरुष एकीला गुपचूप वचन देई, तिच्याबरोबर राही, आणि मग तिला टाकून दुसरीशी उजळ माथ्याने लग्न करी. पहिलीपाशी साक्षीदार नसे, कागद नसे. तिचे खरे कोण मानणार?

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी विवाहाविषयीचा जो प्रसिद्ध ठराव केला, त्यात हेच दुःख स्पष्ट शब्दांत मांडले आहे. उपाय तीन सांगितले. एक, लग्नापूर्वी लागोपाठ तीन सणवारी वधूवरांची नावे चर्चमध्ये सर्वांसमक्ष पुकारायची. दोन, लग्न धर्मगुरू आणि निदान दोन साक्षीदार यांच्यासमोरच व्हायचे. तीन, त्याची नोंद वहीत ठेवायची. त्याच परिषदेने आणखी एक इशारा दिला. ज्यांना ठाव ना ठिकाण अशी माणसे एका गावी बायको असताना दुसऱ्या गावी दुसरी करतात. तेव्हा अशांची कसून चौकशी केल्याशिवाय आणि वरिष्ठांची परवानगी घेतल्याशिवाय धर्मगुरूने त्यांचे लग्न लावू नये.

वाचकहो, साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा इशारा वाचताना आम्हाला आजच्या वर्तमानपत्राची आठवण झाली. ठाव ना ठिकाण असलेला माणूस आता गावोगाव हिंडत नाही. तो एकाच खोलीत बसून दहा नावांनी दहा घरांत शिरतो.

पोर्तुगिजांच्या राज्यात ट्रेंटचे नियम लवकर पोहोचले. गोव्याची पहिली प्रांतिक धर्मपरिषद १५६७ मध्ये भरली आणि तिने ते आपल्या प्रदेशात लागू केले. दादरचे साल्वासांव चर्च, ज्याला सगळी मुंबई पोर्तुगीज चर्च म्हणते, त्याची स्थापना १५९६ ची. आजची त्याची इमारत चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात उभारलेली; जुनी भिंत राहिली नाही, पण जुनी रीत राहिली. गिरगावचे संत तेरेजाचे चर्च १७७३ चे. या चर्चमधून पिढ्यान्पिढ्या रविवारी मिस्सेच्या वेळी नावे पुकारली गेली. अमक्याचा मुलगा, अमकीची मुलगी. कोणाला काही अडचण ठाऊक असेल तर त्याने धर्मगुरूला कळवावे. बाकांवर बसलेल्या आयाबाया कान टवकारून ऐकत. पुष्कळांना ती निव्वळ कुचाळकीची संधी वाटे. परंतु त्या ऐकण्यातच एका अनोळखी मुलीचे संरक्षण होते.

वाडी, कूड आणि गिरणीचा भोंगा

मुंबईत मात्र एक अडचण होती. येथे येणारा प्रत्येक जण कुठून तरी आलेला. गिरगावच्या खोताच्या वाडीत, कावेलात, माझगावात मूळचे मराठी बोलणारे कॅथॉलिक राहत. त्यांनीच १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ईस्ट इंडियन हे नाव धारण करून आपला संघ स्थापन केला. धोबीतलावच्या आसपास गोव्याच्या गावागावांचे कूड उभे राहिले. बोटीवर जाणारा खलाशी, कचेरीतला कारकून, हॉटेलातला स्वयंपाकी तेथे आपल्या गावच्या लोकांत राही, संध्याकाळी त्यांच्याबरोबर रोझरी म्हणे. परळच्या रेल्वे कारखान्यांभोवती आणि लालबागच्या गिरण्यांच्या छायेत गोव्याची, मंगळूरची, पुढे अहमदनगर जिल्ह्यातली कॅथॉलिक कुटुंबे येऊन वसली.

या साऱ्यांत सोयरीक जमविणारा माणूस म्हणजे गावाची चालतीबोलती वहीच. मुलगा दारू किती पितो, आजोबांना कोणता आजार होता, बोटीवरून आलेला पगार घरी पोहोचतो की वाटेत संपतो, हे त्याला ठाऊक असे. कूडातल्या मुलाची चौकशी करायची तर कूडात जाऊन एक रात्र गप्पा मारल्या की पुरे. खोताच्या वाडीत तर चौकशीचीही गरज नव्हती. ओटीवर बसलेल्या माणसाला आख्खी वाडी दिसे. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ईस्ट इंडियन घरांतून वाजतगाजत उंबराचे पाणी आणायला जात, तेव्हा शेजारीपाजारी सारे त्या लग्नाचे साक्षीदार होत.

ओळखीचे वर्तुळ अपुरे पडू लागले तेव्हा छापील मजकूर मदतीला आला. मुंबईच्या 'द एक्झामिनर' या १८५० पासूनच्या कॅथॉलिक साप्ताहिकात स्थळांच्या जाहिराती येऊ लागल्या आणि अनेक घरांत रविवारी ते पान आधी उघडले जाई. चार ओळींत वय, उंची, शिक्षण, नोकरी. त्या चार ओळींवर विसंबून मात्र कोणी लग्न लावीत नसे. जाहिरातीवरून पत्र जाई, पत्रावरून भेट होई, भेटीनंतर त्या गावच्या धर्मगुरूला चिठ्ठी जाई.

या चिठ्ठीमागेही एक इतिहास आहे. १९०७ मध्ये पोप दहावे पायस यांच्या कारकिर्दीत निघालेल्या आणि १९०८ च्या ईस्टरपासून अंमलात आलेल्या आज्ञेने ठरविले की, लग्न झाले की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीतही, त्या त्या व्यक्तीच्या नावापुढे करायची. आजच्या धर्मसंहितेतही हा नियम आहे. म्हणून आम्ही वधूवरांकडून बाप्तिस्म्याचा नुकताच काढलेला दाखला मागतो. पेटीत जपून ठेवलेला लहानपणीचा दाखला चालत नाही तो याचसाठी. जुना कागद माणूस जन्मला केव्हा ते सांगेल, त्याचे मधल्या काळात लग्न झाले की नाही ते सांगणार नाही. पुष्कळ पालक या मागणीने चिडतात. ती धर्मगुरूची हटवादी कागदपूजा नसून त्यांच्याच मुलीभोवती घातलेले कुंपण आहे.

जाळे विरले कसे

जुन्या दिवसांचे गोडवे गाऊन थांबणे मात्र खरेपणाचे होणार नाही. त्या जाळ्याने अनेकांना सांभाळले, तसेच अनेकांना गाळलेही. सावळ्या रंगाची मुलगी, अनाथ मुलगी, तरुण विधवा, अपंग मुलगा यांची नावे मध्यस्थाच्या तोंडी क्वचितच येत. ख्रिस्तात सर्व एक असे रविवारी ऐकायचे आणि सोमवारी स्थळाची जात आणि गाव विचारायचे, हा ढोंगीपणा आपल्यातही होता आणि पुरता गेलेला नाही. १९६१ च्या कायद्याने हुंड्याला बंदी केली, तरी 'मुलीला प्रेमाने काय देता' हा प्रश्न राहिलाच. ज्यांना समाजाच्या दारात कोणी विचारले नाही, त्यांनी पुढे मोबाईलची खिडकी उघडली तर दोष कोणाला द्यावा?

शिवाय ते जाळे इंटरनेटने तोडले नाही. ते आधीच विरत चालले होते. १९७० च्या दशकापासून आखातात नोकऱ्या मिळू लागल्या आणि घरटी एक मुलगा बाहेर गेला. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यातून गिरणगाव पुन्हा उभे राहिलेच नाही. चाळीतल्या खोल्या विकून कुटुंबे वसई-विरारकडे, कल्याण-डोंबिवलीकडे गेली. गिरण्यांच्या जागी टॉवर आले. ज्या बाकावर चार पिढ्या बसल्या त्या बाकावर आता नवे चेहरे; पुकारा होतो, पण ती नावे कोणाची हे कोणालाच ठाऊक नसते. साक्ष द्यायला ओळख तर हवी!

अशा वेळी १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत याच मुंबईतून शादी डॉट कॉमची सुरुवात झाली. आरंभी तिचे नाव 'सगाई' असे होते. १९९७ मध्ये भारत मॅट्रिमनी आली. येथे निदान लग्न हा हेतू उघड होता आणि पुष्कळ ठिकाणी आईवडीलच मुलांची माहिती भरत. २०१२ मध्ये टिंडर आले आणि रीत बदलली. चेहरा आवडला तर बोट उजवीकडे, नाही आवडला तर डावीकडे. आता मध्यस्थ नाही, घर नाही, गाव नाही. लग्नाचा हेतू असेलच असे नाही. फसवणुकीच्या तक्रारी वाढल्या तेव्हा जून २०१६ मध्ये केंद्र सरकारने विवाहविषयक संकेतस्थळांसाठी सूचना काढल्या, त्यांत सदस्याची ओळख पडताळावी आणि लग्नाचा हेतू त्याच्याकडून स्पष्ट करून घ्यावा असे सांगितले. ट्रेंटच्या परिषदेने धर्मगुरूंना जे सांगितले होते, त्याचीच ही सरकारी आवृत्ती म्हणावी लागेल.

आमची चूक

येथे आम्हाला एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी, गिरणगावातील एका चर्चमध्ये सेवा करीत असताना, आम्ही एका रविवारी या ॲप्सवर कडक प्रवचन केले. मुलामुलींनी माणसे बाजारातल्या भाजीसारखी निवडायला घेतली आहेत, असे काहीसे आम्ही बोललो. वडीलधाऱ्यांनी बाहेर येऊन हात हातात घेतले. आम्हाला समाधान वाटले.

पुढे करोनाचा काळ आला, चर्चची दारे बंद झाली. २०२१ च्या पावसाळ्यात एक आई आमच्याकडे रडत आली. मुलगी चौतीस वर्षांची, शाळेत कारकून, वडील वारलेले. विवाहाच्या एका संकेतस्थळावर परदेशात इंजिनिअर असलेला, विधुर, कॅथॉलिक म्हणविणारा एक गृहस्थ तिला भेटला होता. रोज रात्री दोघे फोनवर रोझरी म्हणत. तीन महिन्यांनी त्याने तिच्यासाठी भेटवस्तू पाठविल्याचे सांगितले. मग कस्टममध्ये ती अडकल्याचा फोन आला, मग दंड, मग आणखी एक शुल्क. असे करीत तिने एक लाख ऐंशी हजार रुपये भरले. त्यानंतर तो नंबर बंद झाला.

आम्ही तिला विचारले, "बाळ, आधी का सांगितले नाहीस? त्याच्या चर्चला एक पत्र लिहिले असते तर आठ दिवसांत खरे कळले असते." ती शांतपणे म्हणाली, "फादर, तुमचे ते प्रवचन मी ऐकले होते. तुमच्याकडे कशी येणार?"

त्या उत्तरावर आमच्यापाशी बोलण्यासारखे काही उरले नाही. ठकाने तिचे पैसे नेले. पण तिला एकटी पाडण्यात आमचा हात होता. गुप्ततेने माणूस फसतो हे ट्रेंटच्या पित्यांनी ओळखले होते. आम्ही मात्र आमच्या जिभेने एका मुलीला गुप्ततेत ढकलले. आज ती चर्चच्या बालवर्गाला शिकवते. पैसे परत आले नाहीत. लग्नाचा विषय ती काढत नाही आणि आम्हीही काढत नाही.

इतिहास काय शिकवितो

त्याच चर्चमध्ये दोन वर्षांनी आम्ही एक लग्न लावले. मुलगा परळचा, मुलगी नागपूरची, ओळख संकेतस्थळावरची. पहिल्या महिन्यातच मुलाने आईला सांगितले होते, मुलीने आपल्या धर्मगुरूला. दोन्ही घरे दादरला एका हॉटेलात जेवली. दोन्हीकडून दाखले आले, विवाहपूर्व शिबीर झाले, नावे पुकारली गेली. साधन तेच, पण येथे उजेड होता, तेथे अंधार होता.

जुन्या करारात अब्राहामाचा सेवक दहा उंट घेऊन दूर देशी इसहाकासाठी वधू शोधायला जातो. विहिरीवर आलेली रिबेका दिसायला सुंदर होती, परंतु सेवकाने परीक्षा ठरविली ती वागण्याची. थकलेल्या परक्याला पाणी देताना ती न मागता त्याच्या उंटांनाही पाजते का? आणि सगळे ठरल्यावर घरच्यांनी मुलीला बोलावून विचारले, तू जाशील का? आधी प्रार्थना, मग परीक्षा, मग घरच्यांची भेट, आणि मुलीचा स्वतःचा होकार. या क्रमात आजही बदल करण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

मुलामुलींना आमचे सांगणे एवढेच. आपल्या माहितीत खरे तेच लिहा. वय चोरू नका, मोडलेले लग्न, आजार, कर्ज लपवू नका. १९८३ च्या धर्मसंहितेत, कलम १०९८ मध्ये, एक नवा नियम आला. संमती मिळविण्यासाठी, वैवाहिक जीवन गंभीरपणे बिघडवू शकेल असा एखादा गुणदोष फसवून लपविला, तर ते लग्न मुळातच अवैध ठरते. म्हणजे खोट्याच्या पायावर ख्रिस्तसभा घर बांधू देत नाही. समोरच्याचा चेहरा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मन देऊ नका. पहिली भेट वर्दळीच्या ठिकाणी, दिवसाउजेडी आणि घरी सांगून करा. तो कोणत्या चर्चचा, कोणत्या धर्मगुरूला ओळखतो, हे विचारायला लाजू नका. खऱ्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. जो लवकर प्रेम आणि त्याहून लवकर पैसे मागतो, त्याला एक पैसाही देऊ नका. खाजगी छायाचित्रे कोणालाही पाठवू नका. शरीराची पवित्रता ही आजीच्या काळची गोष्ट नव्हे; जो तिचा मान राखून थांबू शकतो, तोच पुढे आजारपणात उशाशी बसू शकतो.

आणि फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळवा. जितके लवकर कळवाल तितकी पैसे रोखले जाण्याची शक्यता अधिक. संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लाज फसविणाऱ्याला वाटली पाहिजे, फसलेल्याला नव्हे.

पालकांना आणि आम्हा धर्मगुरूंना मात्र वेगळे सांगणे आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या कुटुंबविषयक पत्रात खंत व्यक्त केली की, समाजमाध्यमांतल्यासारखे नातेही आपण हवे तेव्हा जोडतो आणि हवे तेव्हा तोडतो. परंतु त्याच पत्रात तरुणांना सोबत देण्याचा आग्रह पानोपानी आहे. सोबत दारावर उभे राहून रागावण्याने होत नाही. घरी मुलीने "आई, मी एकाशी बोलते आहे" असे म्हटले, तर पहिले वाक्य "कोण आहे तो, मला सांग" असे असावे. "हेच शिकविले का तुला" असे नसावे. चर्चमध्ये अविवाहित तरुणांना एकत्र येण्यासाठी नाताळच्या कार्यक्रमापलीकडे काही जागा आहे का, हेही आपण विचारले पाहिजे. खोताच्या वाडीतली ओटी परत येणार नाही. पण चर्चचे अंगण अजून आहे.

परवा एक जोडपे आले. ओळख कुठे झाली, या प्रश्नावर मुलीने पुन्हा जमिनीकडे पाहिले. आम्ही वही पुढे ओढली आणि म्हणालो, "ऑनलाईन ना? बरे झाले, आलात. आता बसा आणि पहिल्यापासून सांगा." दोघेही हसले. मग आम्ही त्यांच्या बाप्तिस्म्याचे नवे दाखले मागितले.